नववी टीम डोंबिवलीची?

लंच टाइमला ऑफिसात भांडण पेटवायचंय? एका टेबलावर ठाणेकर आणि डोंबिवलीकर बसवा. काम फत्ते!

परवा आमचा विषय होता टी-ट्वेंटी मुंबई लीग. 2018 मध्ये ती सहा टीम्सनी सुरू झाली. 2019 ला दोन वाढल्या, त्यातली एक ईगल ठाणे स्ट्रायकर्स. तेव्हापासून आमचा ठाणेकर मित्र कॉलर ताठ करून फिरतो. ‘तुमची टीम कुठाय रे?’

मग मी टिश्यू पेपरवर मार्कलिस्टच मांडली. उद्या नववी टीम घ्यायची झाली, तर कल्याण-डोंबिवली का नको?

खेळाडू: अजिंक्य रहाणे डोंबिवलीत वाढला. कल्याणचा तुषार देशपांडे 2024 मध्ये भारताकडून खेळला. पैकीच्या पैकी.

पब्लिक: संध्याकाळची कल्याण फास्ट पकडून बघा, मग बोला.

पैसा: टीम विकत घेणारा लागतो. आपल्याकडे बिल्डरांचा दुष्काळ नाही.

मैदान: इथे मित्र हसला. ‘आमच्याकडे दादोजी कोंडदेव स्टेडियम आहे!’ म्हटलं, बॉस, 2019 ला तुमचे स्ट्रायकर्स खेळले कुठे? वानखेडेवर. 2025 ला, शार्दूल ठाकूर असताना? वानखेडे आणि नेरूळचं डी. वाय. पाटील. मग मैदानाचे मार्क आमचेच का कापायचे?

मॅच जिंकल्याच्या थाटात घरी आलो. भाचा नुकताच परतला होता. चौदा वर्षांचं पोर रोज शाळा सुटली की लोकलमध्ये किटबॅग सांभाळत शिवाजी पार्क गाठतं. रहाणेही लहानपणी असाच किट घेऊन डोंबिवलीहून सीएसटीला जायचा. भाच्याला सगळी मार्कलिस्ट ऐकवली. शूज काढता काढता त्याने विचारलं, ‘मामा, टीम आली की मला इथेच टर्फवर नेट्स मिळतील?’

माझी विकेट तिथेच पडली.

टीम म्हणजे जर्सीवर गावाचं नाव आणि थोड्या दिवसांची धमाल. ती हवीच! पण मार्कलिस्टमध्ये पाचवा रकाना टाकायला हवा: जो गावाचं नाव विकत घेईल, त्याने त्याच गावात पोरांसाठी वर्षभर टर्फ विकेट सांभाळायची. दुसऱ्या दिवशी हे ठाणेकराला सांगितलं. तो चक्क म्हणाला, ‘ही अट आम्हालाही लावा.’

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आमचं एकमत झालं.