‘आरआरआर’मध्ये रामायण कुठे कुठे दडलंय?

‘नाटू नाटू’च्या पलीकडे एस. एस. राजामौलींचा ‘आरआरआर’ (2022) पुन्हा पाहा. 1920च्या दशकातली ही गोष्ट खरं तर रामायणाची नव्याने केलेली मांडणी आहे.

इतिहासातले अल्लुरी सीताराम राजू (रम्पा उठाव, 1922-24) इंग्रजांशी लढले, तर गोंड नेते कोमाराम भीम निजामाशी. दोघांची भेट झाल्याची नोंद नाही. ‘भेट झाली असती तर?’ या प्रश्नावर सिनेमा उभा आहे.

आता खुणा बघा 👇

🔥 नायक राम (म्हणजे राजू), त्याची वाट पाहणारी सीता. तिच्याकडून रामाची खबर कळताच त्याच्यासाठी झगडणारा मात्र भीम!

💨 महाभारतातलं नाव रामायणात कसं? भीम आणि हनुमान दोघेही वायुपुत्र, म्हणजे भाऊच. इंग्रजांनी पळवून नेलेल्या मल्ली या गोंड मुलीला सोडवायला शत्रूच्या नगरीत शिरणारा भीम इथे हनुमानाचं काम करतो.

🏹 तुरुंगात जायबंदी झालेल्या रामाला भीम खांद्यावर घेऊन लढतो. वाल्मीकींच्या युद्धकांडातही राम हनुमानाच्या पाठीवर बसून रावणाशी लढतो. पुढे जंगलातल्या राममूर्तीजवळचं धनुष्य हाती येतं आणि इंग्रजांचा पोलीस अधिकारी असलेला राम भगव्या वस्त्रांतला धनुर्धर होतो.

पण एक गोष्ट खटकते. ‘जल, जंगल, जमीन’साठी स्वतः लढा उभारणारा आदिवासी नेता इथे शेवटी रामाकडे अक्षरं शिकवण्याची मागणी करतो. देखणेपणाच्या ओघात बरोबरीची मैत्री थोडी भक्तीकडे झुकते.

तुम्हाला आणखी कोणत्या खुणा सापडल्या? कमेंटमध्ये लिहा.

#आरआरआर #रामायण #सिनेमा