कामगार-कायद्याची वकिली आणि प्रतिपक्षाची संमती

दिवाणी न्यायालयात वकील उभा राहतो तो अशिलाने दिलेल्या वकीलपत्राच्या बळावर. औद्योगिक कलहांत तेवढे पुरत नाही. 1947 च्या औद्योगिक कलह कायद्याच्या कलम 36 ने समेटाच्या कामकाजात वकिलास प्रवेशच नाकारला होता. कामगार न्यायालयापुढे उभे राहावयाचे तर प्रतिपक्षाची संमती व न्यायालयाची परवानगी ही दोन्ही लागत. निष्णात वकील नेमण्याची ऐपत मालकाची, कामगाराची नव्हे, हा त्यामागील विचार. तो कायदा जाऊन 2020 ची औद्योगिक संबंध संहिता आली, तरी हे तत्त्व टिकून आहे.

1976 साली पारादीप बंदराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, कामगार वा मालक संघटनेचा खराखुरा पदाधिकारी असलेल्या वकिलास ही अट लागू नाही. परंतु दोन-तीन वकिलांच्या लहान कचेरीत उमेदवारी करणाऱ्यास असे पद कोठून मिळणार? ज्या युनियन-पुढाऱ्याची आज कसून उलटतपासणी घ्यावयाची, त्याचीच संमती उद्या मागावयाची असते. या धंद्यात सचोटीला रोकडे मोल येते ते असे.

वस्तुतः निम्मे काम न्यायालयाबाहेरच असते. कारखान्यातील खातेनिहाय चौकशीत आरोपपत्र मोघम राहिले, तर पुढे कितीही वक्तृत्व केले तरी बडतर्फी टिकविणे अवघड. 1971 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 11-अ मुळे तर शिक्षा प्रमाणाबाहेर वाटल्यास ती सौम्य करण्याचा अधिकारही न्यायाधिकरणास मिळाला. म्हणून जाणते वकील उमेदवाराच्या हाती निवाड्यांच्या ग्रंथांआधी हजेरीपट आणि पगारपत्रक देतात.