तहान आणि सोबत

वैशाखातील एक दुपार. चारच्या सुमारास एक गृहस्थ आपल्या वडिलांना रिक्षातून दवाखान्यात घेऊन आले. वडील ७८ वर्षांचे, निवृत्त शिक्षक. एरवी जुन्या विद्यार्थ्यांची नावे तुकडीसह सांगणारे हे गुरुजी त्या दिवशी मला ओळखेनात. ‘घंटा झाली का?’ एवढेच पुनःपुन्हा विचारीत होते. जीभ कोरडी पडलेली, नाडी जलद, रक्तदाब उतरलेला. सलाईन सुरू झाल्यावर मुलगा काकुळतीने म्हणाला, ‘डॉक्टर, सकाळी कामावर जाताना दोन लिटरची बाटली भरून त्यांच्या उशाशी ठेवली होती. कूलरही चालू होता.’ संध्याकाळी सूनबाई घरून आल्या, तेव्हा ती बाटली सोबत घेऊनच आल्या. ती तशीच काठोकाठ भरलेली होती.

मुलाच्या काळजीत उणे नव्हते. नातवंडे मामाच्या गावाला गेली होती, मुलगा-सून नोकरीवर. त्या घरात दुपारभर गुरुजींबरोबर पाणी पिणारे कोणीच नव्हते, उणीव होती ती ही.

तहान लागतच नाही

वाढत्या वयात शरीरात अनेक बदल होतात, त्यांतील एक बदल सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. तहानेची जाणीव मंदावते. शरीरातील पाणी कमी झाले तरी मेंदू पूर्वीसारखी हाक देत नाही. घाम कमी येतो, मूत्रपिंडांची पाणी राखून ठेवण्याची शक्तीही घटते. त्यात रक्तदाबासाठी किंवा हृदयविकारासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर पाणी बाहेर जाण्याची वाट अधिकच रुंद होते. म्हणून ‘तहान लागली की पिईन’ हा तरुणपणचा नियम सत्तरीनंतर धोक्याचा ठरतो.

दुसरे कारण संकोचाचे. गुडघे दुखतात, न्हाणीघर लांब आहे, रात्री उठावे लागेल, म्हणून अनेक आजी मुद्दाम कमी पाणी पितात. त्यांना रागावून उपयोग होत नाही. दिवसाचे बहुतेक पाणी संध्याकाळी सहाच्या आत पिऊन व्हावे, रात्री वाटेत दिवा असावा, हाताला आधार असावा. भीती गेली की पेला आपोआप रिता होऊ लागतो.

दुपारची बैठक

गुरुजी तीन दिवसांनी घरी गेले. पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर मी त्यांना औषधांबरोबर आणखी एक गोष्ट लिहून दिली : ‘दुपारी एकटे बसू नये.’ त्यांनी ती आज्ञा शिक्षकी शिस्तीने पाळली. शेजारचे दोन समवयस्क मित्र आणि खालच्या मजल्यावरील एक आजी अशी चौघांची बैठक त्यांच्या ओसरीलगतच्या खोलीत भरू लागली. येताना आपापला डबा आणायचा. ऊन चढण्याच्या आत, म्हणजे साडेदहापर्यंत यायचे आणि पाचनंतर परतायचे. मध्ये तासभर आडवे व्हायचे. भर उन्हात ये-जा करायची नाही, हा पहिला नियम.

दुसरा नियम पाण्याचा. तो त्यांनी घड्याळाला न बांधता करमणुकीला बांधला. रेडिओवरचा कार्यक्रम संपला की एक पेला. पत्त्यांचा डाव संपला की एक पेला. एकाने घेतला की चौघांनी घ्यायचा. दर तासाला सुमारे २०० मिलिलिटरचा एक पेला धरला, तरी सकाळी दहा ते संध्याकाळी सहापर्यंत दीड लिटरहून अधिक पाणी कोणालाही न सांगता पोटात जाते.

पेल्यात नेहमी पाणीच हवे असे नाही. पातळ ताक, कैरीचे पन्हे, कोकम सरबत, फिका चहाही चालतो. मात्र रक्तदाब असलेल्यांनी ताकात-पन्ह्यात वरून मीठ घालू नये, मधुमेहींनी गूळ-साखरेचा मोह आवरावा, आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी नारळपाणी डॉक्टरांना विचारल्याखेरीज घेऊ नये. ज्यांना हृदयविकारामुळे किंवा मूत्रपिंडविकारामुळे पाण्याचे माप ठरवून दिले आहे, त्यांनी तेच माप दिवसभरात वाटून घ्यावे.

गीत, ग्रंथ आणि चित्रपट

ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून सुरू झाले. आठवड्याला एक अशी ५६ गीते वर्षभरात प्रसारित झाली. गुरुजींच्या बैठकीने त्याचा उन्हाळी पाठ बसवला आहे : रामनवमीपासून रोज एक गीत. ५६ गीते संपतात तेव्हा ज्येष्ठ उजाडलेला असतो आणि सर्वांत कडक ऊन मागे पडत आलेले असते. उन्हाळा मोजण्याची ही रीत मला दिनदर्शिकेहून गोड वाटते.

पुस्तकही एकट्याने डोळ्यांसमोर धरण्यापेक्षा मोठ्याने वाचावे. पु. ल. देशपांडे यांचे ‘व्यक्ती आणि वल्ली’ यासाठी सोयीचे, कारण त्यातील प्रत्येक व्यक्तिचित्र स्वतंत्र आहे. मोतीबिंदू असलेल्याला ऐकता येते, वाचणाऱ्याचा घसा कोरडा पडून पाण्याची आठवण होते. ऐकू कमी येणाऱ्याला वाचणाऱ्याचा चेहरा दिसेल असे समोर बसवावे.

सुट्टीत नातवंडे घरी असली की चित्रपटाचा बेत करावा. एक दिवस आजोबांच्या आवडीचा ‘जगाच्या पाठीवर’, दुसऱ्या दिवशी नातवंडांसाठी ‘अशी ही बनवाबनवी’. मात्र तीन तास पाय लोंबते ठेवून बसल्याने ते सुजतात. मध्यंतर सक्तीचे करावे. पाणी प्यावे, खोलीत चार फेऱ्या माराव्यात. उठताना आधी क्षणभर काठावर बसावे, मग उभे राहावे. पाणी कमी पडलेल्या शरीरात झटकन उठले की चक्कर येते आणि खुब्याचे हाड मोडण्यास तेवढे निमित्त पुरते.

जी मुले परगावी किंवा परदेशी आहेत, त्यांनी रात्रीच्या फोनबरोबर भारतातील दुपारी दोनचाही एक फोन करावा. ‘बाबा, पाणी प्यायलात का?’ या प्रश्नाला उत्तर ठरलेले असते : ‘हो.’ त्यापेक्षा म्हणावे, ‘मी पेला हातात घेतला आहे, तुम्हीही घ्या.’ आणि पिऊन होईपर्यंत बोलत राहावे.

खोली आणि औषधे

अकोला, नागपूर, चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. चाळिशी ओलांडल्यावर नुसता पंखा गरम हवाच अंगावर ढकलतो. अंग ओल्या पंचाने पुसून मग पंख्याखाली बसावे. कूलर लावताना समोरची खिडकी किंचित उघडी ठेवावी, अन्यथा दमट हवा कोंडते. मुंबई-कोकणात हवाच दमट असल्याने कूलरचा फारसा उपयोग होत नाही. तेथे वारा खेळता ठेवणे आणि गार पाण्याने अंघोळ करणे बरे.

लघवीच्या, रक्तदाबाच्या, कंपवाताच्या गोळ्यांविषयी उन्हाळ्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलावे. काहींची मात्रा बदलावी लागते. स्वतःच्या मनाने मात्र एकही गोळी बंद करू नये. इन्शुलिन उन्हात किंवा गाडीत राहू देऊ नये.

हे दिसले तर थांबू नये

लघवी कमी आणि गडद होणे, जीभ कोरडी पडणे, उभे राहताना तोल जाणे ही पहिली सूचना. बोलणे असंबद्ध झाले, ग्लानी आली, अंग तापून ताप १०४ अंश फॅरनहाइटकडे गेला, तर तो उष्माघात समजावा. तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ती येईपर्यंत सावलीत झोपवून कपडे सैल करावेत, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा, मान, काखा आणि जांघा ओल्या कपड्याने गार कराव्यात. ग्लानीतील माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाऊ शकते. तापाच्या गोळीने उष्माघात उतरत नाही. ‘वय झाले, म्हणून बरळतात’ असे म्हणून दुपार घालवली, तर ती कायमची हातची जाते.

गेल्या उन्हाळ्यात एका रुग्णाला पाहून परतताना मी गुरुजींच्या बैठकीत डोकावलो. गीत नुकतेच संपले होते. गुरुजींनी माठाकडे बोट दाखवले आणि मला म्हणाले, ‘डॉक्टर, नियम पाहुण्यांनाही लागू आहे.’ उन्हात चार घरे फिरून आलो होतो, तरी सकाळपासून पाण्याचा थेंब घेतलेला नाही, हे मला त्या क्षणी आठवले. मी मुकाट्याने पेला उचलला.