शेजारी बसूनही अनोळखी

दिवाळीचे फोटो बाबांच्या कॉम्प्युटरवर, मी लॅपटॉप घेऊन दोन हातांवर. आणि विंडोज म्हणतं, असा कॉम्प्युटर सापडतच नाही!

आधी दोन्ही यंत्रं एकाच नेटवर्कवर आहेत का ते पाहा. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ टाइप केलं की पत्ता दिसतो. एकाचा १९२.१६८.१.७ आणि दुसऱ्याचा १९२.१६८.०.५ असेल, तर बहुधा घरात दोन राउटर आपापला वेगळा संसार करताहेत. ‘गेस्ट’ वायफाय तर अनेकदा यंत्रांना मुद्दामच एकमेकांपासून तोडून ठेवतं.

पत्ते जुळले? मग नेटवर्क ‘पब्लिक’ नाही ना, ते बघा. पब्लिक म्हणजे विंडोजच्या लेखी एसटी स्टँड. फायरवॉल दार लावून घेते. घरात ‘प्रायव्हेट’ हवं. तरीही नाव दिसत नसेल, तर फाइल एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा आणि पुढे थेट आयपीचे आकडे टाका. उघडलं तर दोष फक्त नाव शोधण्यात आहे.

विंडोज एक्सपीच्या काळातलं यंत्र असेल तर गोष्ट वेगळी. त्याची फाइल-देवाणघेवाणीची जुनी बोली, एसएमबी-१, हिच्यातल्या भोकातून २०१७ साली वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्रॅम पसरला. नवं विंडोज ती सहसा बोलत नाही, तेच बरं. पेनड्राइव्ह वापरा.

आमचं घोडं मात्र पासवर्डवर अडलं. बाबा रोज चार आकडी पिन टाकतात. मीही तोच टाकत राहिले. पण पिन त्या यंत्रापुरता असतो. नेटवर्कवरून खात्याचा खरा पासवर्ड लागतो. तो अखेर कॅलेंडरच्या मागे, दुधाच्या हिशोबाखाली सापडला.