हवालीपासून सोबतीपर्यंत

मनाचा तोल ढळलेल्या मनुष्याकडे गेल्या शतकाच्या प्रारंभी सरकार कोणत्या दृष्टीने पाहत होते, हे समजून घ्यावयाचे असेल त्याने १९१२ चा वेड्यांविषयीचा कायदा उघडून पाहावा. भ्रमिष्टावस्थेत भटकणाऱ्या इसमास पोलिसाने ताब्यात घ्यावे, मॅजिस्ट्रेटपुढे हजर करावे आणि त्याच्या हुकुमानिशी इसमाची रवानगी इस्पितळात व्हावी, असा तो शिरस्ता होता. बंदोबस्त चोख होता. मात्र रात्र रात्र उशाशी जागणाऱ्या आईला त्या दफ्तरात जागा होती ती केवळ अर्जदाराची. जीवनाला विटून मृत्यूच्या दारातून परतलेल्याच्या खाटेशी तर वैद्यापाठोपाठ जबाब घेणारा फौजदार उभा राही, कारण दंड संहितेच्या ३०९ व्या कलमान्वये तो गुन्हेगार ठरे.

१९८७ च्या कायद्याने जुनी भाषा पुष्कळ सौम्य केली, तरी ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे मनोरुग्णांच्या आश्रयस्थानाला आग लागली तेव्हा साखळदंडांनी जखडलेले २८ जण पळूही शकले नाहीत. श्रद्धेने आणि अगतिकतेने आप्तांनीच त्यांना तेथे ठेवले होते, हे आठवले की आजही जीव कासावीस होतो.

त्याच सुमारास पुण्यात मात्र निराळे काही घडत होते. पत्नीचा स्किझोफ्रेनिया वर्षानुवर्षे जवळून पाहिलेल्या, कॅनडास्थित डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये ‘सा’ (स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन) ही संस्था उभी राहिली, आणि तिच्या स्वमदत गटांत रुग्णास ‘शुभार्थी’ व त्याची काळजी वाहणाऱ्यास ‘शुभंकर’ म्हणू लागले. मला हे दोन शब्द कोणत्याही कायद्याहून मोलाचे वाटतात. कारण मुलाने गोळ्या थांबवल्या, तो चार रात्री झोपलेला नाही, हे शेजाऱ्यांपासून लपवणाऱ्या बापाला तेच भोगलेल्या दुसऱ्या बापापुढे ते मोकळेपणाने सांगता आले.

कायदा त्यामागून आला. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता असे गृहीत धरून त्याची काळजी घेणे सरकारचे कर्तव्य ठरविले, आणि १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत ३०९ वे कलम उरले नाही. १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत दूरध्वनी सेवा सुरू आहे, आणि तेथे मराठीतही बोलता येते. मात्र फोन ठेवल्यावर, घाबरलेल्या माणसाचा हात धरून सकाळी जिल्हा रुग्णालयापर्यंत जाणारा कोणी शेजारी अजूनही लागतोच.