पात्याचे मागचे दाते

टेबल सॉ म्हणजे टेबलाच्या चिरेतून वर आलेली गोल करवत. हातकरवतीने कापताना लाकूड जागेवर राहते आणि करवत चालते. इथे पाते जागेवर फिरते आणि लाकूड हाताने त्याच्याकडे ढकलावे लागते, त्यामुळे प्रत्येक कापात हात पात्याच्याच दिशेने जातो. घरगुती यंत्रांत बहुधा १० इंची, म्हणजे २५४ मिलिमीटर व्यासाचे पाते असते. मिनिटाला ४,००० फेरे धरले तर त्याचा प्रत्येक दाता सेकंदाला ५३ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १९० किलोमीटर वेगाने धावतो.

या यंत्राची भीती वाटते ती समोरच्या दात्यांची. पण ते दाते वरून खाली येतात आणि लाकूड टेबलावर दाबूनच धरतात. खरा घात मागचे दाते करतात. ते टेबलाखालून वर उठतात. कापलेली फळी जरा तिरकी होऊन त्यांना टेकली की ते तिला उचलतात आणि पात्याच्या माथ्यावरून थेट कापणाऱ्याच्या अंगावर फेकतात. याला किकबॅक म्हणतात. डोळ्याचे पाते लवायच्या आत हे घडून जाते. फळीचा मार पोटात किंवा छातीत बसतो. त्याहून वाईट म्हणजे, फळी अचानक निसटल्यामुळे तिच्यावर जोर देणारा हात तोल जाऊन पात्यावर पडतो.

फळी मागच्या दात्यांना टेकते कशी? कधी ढकलताना ती फेन्सपासून, म्हणजे काप सरळ ठेवणाऱ्या कडेच्या पट्टीपासून सुटते. कधी फेन्सच पात्याला समांतर नसते. मागच्या टोकाला ती पात्याकडे केसभर झुकली तरी लाकूड दोघांच्या मध्ये आवळले जाते. आणि कधी दोष लाकडाचाच असतो. सुकताना त्यात ताण साठलेला असतो, तो कापताना मोकळा होतो आणि चिरलेली फट मागे पुन्हा मिटून पाते धरते.

यावरचा उपाय दिसायला अगदी साधा आहे. पात्याच्या लगेच मागे उभी असलेली पोलादी पट्टी, तिचे नाव रायव्हिंग नाइफ. तिची जाडी पात्याच्या चकतीपेक्षा किंचित जास्त, पण दात्यांनी पाडलेल्या चिरेपेक्षा कमी असते. त्यामुळे फट मिटत नाही आणि फळीही मागच्या दात्यांवर वळू शकत नाही. पाते वरखाली केले की ती त्याच्याबरोबरच वरखाली होते. वरचे झाकण अडचणीचे वाटते म्हणून काढताना पुष्कळजण ही पट्टीही काढून कपाटात टाकतात. सबंध यंत्रात याहून महागात पडणारी चूक नाही.

काप घेण्यापूर्वी फेन्सचे पात्यापासूनचे अंतर पुढच्या आणि मागच्या दात्याशी मोजून सारखे आहे ना, हे पाहायचे. मोजताना यंत्राचा प्लग काढलेला हवा. पाते टेबलाशी काटकोनात आहे की नाही हे गुण्या लावून कळते. दाते फळीच्या वर ३ ते ६ मिलिमीटर राहतील एवढेच पाते उचलायचे. पाडलेल्या वाड्याचे जुने सागवान हौसेने आणले असेल तर त्यावरून आधी लोहचुंबक फिरवावे, कारण आत मोडून राहिलेला खिळा वरून दिसत नाही.

लाकडाच्या रेषांबरोबर उभा काप घेताना फेन्सचा आधार घ्यावा. रेषांना आडवा काप घेताना माइटर गेजचा, म्हणजे टेबलाच्या खाचेतून सरकणाऱ्या मार्गदर्शकाचा. आरपार कापात दोन्ही एकदम कधीच नाही, कारण सुटलेला तुकडा फेन्स आणि पाते यांच्यात अडकतो. आधाराशिवाय नुसत्या हाताने तर या यंत्रावर काहीच कापायचे नसते.

उभे राहायचे ते पात्याच्या रेषेत नाही, तर थोडे डावीकडे. डावा हात फळीला फेन्सशी टेकवतो आणि पात्याच्या अलीकडेच थांबतो. उजवा हात ढकलतो. पाते आणि फेन्स यांत १५ सेंटिमीटरहून कमी जागा असेल तर हाताऐवजी पुश स्टिक वापरावी. १२ मिलिमीटर प्लायवूडच्या तुकड्यातून ती घरी करता येते. बुटाच्या आकाराची, तळाशी टाच असलेली केली तर उत्तम; टाच फळी पुढे नेते आणि तळ तिला खाली दाबून धरतो. फळी रायव्हिंग नाइफच्या पार गेल्याशिवाय ढकलणे सोडायचे नाही.

हातमोजे इथे घातक, कारण दात्यात धागा अडकला की पंजा ओढला जातो. ओढणी, बांगड्या, अंगठी, मनगटावरचा दोरा यांचेही तसेच. डोळ्यांना गॉगल, कानांना इअरमफ आणि बारीक भुशासाठी मास्क मात्र हवाच.

आपल्याकडे प्लायवूडच्या टेबलाखाली मार्बल कटर उलटा बसवून काम भागवण्याची पद्धत सर्रास आहे. तो मिनिटाला १२,००० च्या आसपास फिरतो. लाकडाच्या पात्यावर कमाल फेऱ्यांचा आकडा छापलेला असतो, तो पुष्कळदा याहून कमी निघतो. शिवाय रायव्हिंग नाइफ नाही, झाकण नाही आणि बटण चालू स्थितीत अडकवलेले. लोडशेडिंगनंतर वीज आली की असे यंत्र आपोआप सुरू होते. वीज जाताच बंद पडून हाताने दाबल्याशिवाय सुरू न होणारा नो-व्होल्ट स्विच म्हणूनच लागतो.

अमेरिकेत स्टीव्ह गॅस यांनी १९९९ मध्ये बोट टेकताच थांबणारे पाते तयार केले. सॉस्टॉप नावाने ते विकले जाते. पात्यावर क्षीण विद्युत संकेत असतो. त्वचेचा स्पर्श होताच तो बदलतो आणि ॲल्युमिनियमचा ठोकळा पात्यात घुसून सेकंदाच्या सुमारे २०० व्या भागात ते अडवतो. नंतर पाते आणि ठोकळा दोन्ही बदलावे लागतात. बोट वाचते, पण किकबॅक या ब्रेकने थांबत नाही.

काप पूर्ण झाला की यंत्र बंद करून पाते पूर्ण थांबेपर्यंत थांबावे. शेजारी पडलेला तुकडा तोवर हाताने उचलायचा नाही. मग प्लग काढून पाते टेबलाच्या पातळीखाली उतरवावे.