‘सेड’ दिसलं की ‘वॉज’ करायचं?

‘चेंज द नॅरेशन’ असा प्रश्न आला की शाळेत हात आपोआप चालायचा. ‘इज’चं ‘वॉज’, ‘विल’चं ‘वुड’, ‘टुमारो’चं ‘द नेक्स्ट डे’. अवतरणचिन्हं खोडली, मध्ये ‘दॅट’ कोंबलं, झाला एक मार्क. पण हाच तक्ता बोलताना दगा देतो. कोण, कुणाला आणि कधी सांगतंय, हे त्याला कळत नाही.

काळ मागे न्यायलाच हवा, हा सगळ्यांत मुरलेला गैरसमज. सुरुवातीला ‘सेज’ असेल तर काळ हलतच नाही: ‘शी सेज शी इज टायर्ड’. ‘सेड’ असलं तरी गोष्ट अजून खरी असेल तर वर्तमानकाळ चालतो. सरांचा तास संपला म्हणून पृथ्वी सूर्याभोवती फिरायची थांबत नाही. ‘शुड’ आणि ‘माइट’ तर जागचे हलत नाहीत.

‘टुमारो’चंही तेच. सोमवारी कुणी ‘आय विल कम टुमारो’ म्हणाला आणि त्याच संध्याकाळी तुम्ही तो निरोप दिलात, तर ‘टुमारो’च राहतं. मंगळवारी सांगाल तर ‘टुडे’. पंधरवड्याने सांगाल तेव्हा ‘द नेक्स्ट डे’.

खरी गोची काळात नाही, सर्वनामात आहे, आणि तिचं मूळ आपल्या मराठीत. ‘सुमित म्हणाला की मी उद्या येईन’ यातला ‘मी’ म्हणजे सुमित, हे आपल्याला सांगावं लागत नाही. तेच इंग्रजीत ‘सुमित सेड दॅट आय वुड कम’ असं नेलं, की येण्याची जबाबदारी बोलणाऱ्यावर! तिथे ‘ही वुड कम’च हवं. काळ चुकला तर ऐकणारा सांभाळून घेतो. सर्वनाम चुकलं तर स्टेशनवर भलताच माणूस उभा राहतो.

आपला ‘की’ प्रश्नातही घुसतो. ‘तिने विचारलं की तू कुठे राहतोस’ यावरून ‘शी आस्क्ड मी दॅट व्हेअर डू आय लिव्ह’ तयार होतं. ‘दॅट’ही नको, ‘डू’ही नको: ‘शी आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ह्ड’. उत्तर हो-नाही असेल तर ‘इफ’ किंवा ‘व्हेदर’. साध्या विधानातसुद्धा ‘दॅट’ गाळलं तरी बिघडत नाही.

‘सेड टू’चं ‘टोल्ड’ केलंच पाहिजे असंही नाही, दोन्ही बरोबर. चूक आहे ती ‘टोल्ड टू मी’.

राहता राहिलं ‘एक्सक्लेम्ड विथ जॉय’. मॅच जिंकलेल्या मित्राबद्दल असं कोण बोलतं? ‘ही वॉज थ्रिल्ड दे हॅड वन’ एवढंच पुरतं.